‘जळतात’ म्हणण्याआधी

मत्सरी नातेवाईक आणि जळणारे मित्र हा अलीकडे सगळ्यांच्या आवडीचा विषय झालाय. पंगतीत, पारावर, मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत तोच. सल्ले साधारण तीन. पहिला तरुणांचा: जळणारी माणसं ओळखा आणि तोडा, मनःशांती महत्त्वाची. दुसरा आया-मावश्यांचा: नोकरी लागली, घर घेतलं, दिवस गेले, काही म्हणजे काही सांगू नका, सांगितलं की दृष्ट लागते. तिसरा वडीलधाऱ्यांचा: मन मोठं करा, मत्सर हा षड्रिपूंपैकी एक, त्याला जिंका. हे तिघं एकमेकांशी हिरिरीनं भांडतात, पण एका गोष्टीवर तिघांचं एकमत आहे. दोष जळणाऱ्याचा, आणि ज्याच्यावर लोक जळतात तो बिचारा निरपराध. माझा आक्षेप नेमका या एकमताला आहे. घरातला आणि मैत्रीतला मत्सर बहुतेक वेळा कधीच न मांडलेल्या हिशेबातून येतो असं माझं मत आहे. आणि तो हिशेब मांडायची पहिली जबाबदारी, ज्याच्या पदरात जास्त पडलं त्याची आहे.

हे मत मी पुस्तकातून उचललेलं नाही. तासगावकडच्या आमच्या गावात माझे थोरले काका द्राक्षबाग बघतात, वडील पुण्यात इंजिनिअर होते. १९७२ च्या दुष्काळात काका मॅट्रिकला होते. त्या वर्षी त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. पाझर तलावाच्या कामावर ते खडी फोडायला गेले. वडील लहान म्हणून शाळेत राहिले आणि पुढे शिकले. १९९४ साली वडिलांनी पुण्यात फ्लॅट घेतला, त्याची वास्तुशांत मला चांगली आठवते. जेवणाआधी वडील चार शब्द बोलले. बँकेच्या साहेबांचे आभार मानले, ऑफिसातल्या सहकाऱ्यांचे मानले, बिल्डरचेही मानले. काका गॅलरीत उभे होते. पहाटेच्या एसटीनं द्राक्षांच्या दोन पेट्या घेऊन आले होते, त्या स्वयंपाकघरात ओट्याखाली सरकवून ठेवल्या होत्या. थोड्या वेळानं ते बाथरूममध्ये गेले, मगभर पाणी फरशीवर ओतलं आणि बघत उभे राहिले. बाहेर येऊन म्हणाले, “पाणी दाराकडं येतंय. उतार उलटा पडलाय.” बस्स, एवढंच. पण पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. भावाचं घर झालं तर बघा कसं पोटात दुखतंय! त्या दिवसापासून पुढची एकवीस वर्षं आमच्या घरात काकांची ओळख तीच राहिली. काका जळतात.

उतार खरंच उलटा होता. ते बाथरूम आम्ही वर्षानुवर्षं खराट्यानं कोरडं केलं.

मराठीत हेवा आणि मत्सर हे दोन शब्द आहेत आणि आपण ते अगदी अचूक वापरतो. “तुझा हेवा वाटतो बाई!” हे मैत्रीण मैत्रिणीला तोंडावर सांगते, हसत, हातातल्या पाटल्यांना हात लावत. त्यात कौतुक असतं, जवळीक असते आणि थोडी कबुलीही असते. “मला तुझा मत्सर वाटतो” हे वाक्य मात्र मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. जळणं, पोटात दुखणं, डोळ्यांत खुपणं हे सगळे वाक्प्रचार आपण दुसऱ्यासाठी राखून ठेवलेत. ‘त्याच्या’ डोळ्यांत खुपतं, ‘तिच्या’ पोटात दुखतं. जी भावना कुणीच स्वतःची म्हणून सांगत नाही, तिचं सगळं वर्णन दुसऱ्या बाजूनंच होणार, म्हणजे ज्याला मिळालं त्याच्या बाजूनं. ज्या खटल्यात आरोपीला बोलायची सोयच नाही, त्यातल्या निकालावर किती विश्वास ठेवायचा?

आणि हा मत्सर परक्यांत क्वचितच असतो हेही लक्षात घ्या. अंबानींच्या घरातल्या लग्नावर किती खर्च झाला हे आपण चवीनं वाचतो, पोटात काही होत नाही. चुलतभावानं दारात ट्रॅक्टर उभा केला की झोप उडते. साधा शिपाई सेनापतीचा मत्सर करत नाही, आपल्या हवालदाराचा करतो, असं अठराव्या शतकातला स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम लिहून गेलाय. आपल्या भाषेला हे त्याच्याही आधी कळलं असावं. ‘भाऊबंद’ या मायेच्या शब्दापासून आपण ‘भाऊबंदकी’ केली आणि तिचा अर्थ सरळ भांडण असा ठरवला. असं का? एका ताटात जेवलेल्यांनाच कुणाच्या वाटणीला किती आलं ते ठाऊक असतं, म्हणून. अंबानींच्या संपत्तीत माझं काही गेलेलं नाही. भावाच्या फ्लॅटमध्ये माझी शाळा गेलेली असू शकते.

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं घेऊ. काही माणसं खरोखर वाईट वागतात आणि त्यामागं कुठलाही जुना हिशेब नसतो. मुलीचं स्थळ ठरत आलं की वरपक्षाकडे जाऊन कान भरणारे आहेत. ऑफिसात निनावी अर्ज टाकणारे आहेत. भावकीतल्या उभ्या उसावर रात्री काडी टाकणारेही आहेत. अशांपासून लांब राहावं, गरज पडली तर पोलिसांत जावं, यात मला तिळमात्र शंका नाही. जिला सासरी-माहेरी रोज टोचून खाल्लं जातं, तिला ‘आधी हिशेब मांड’ असं मी कधीच सांगणार नाही, तिनं आधी बाहेर पडावं. पण अशी माणसं किती आणि ‘जळतात’ हा शिक्का आपण मारलेली किती? कुणी अभिनंदन करायला दोन दिवस उशीर केला, लग्नात फोटोला उभं राहिलं नाही, नव्या गाडीचं मायलेज विचारलं, बाथरूमचा उतार दाखवला. आपल्या यादीत बहुतेक नावं या गुन्ह्यांपायी आलेली असतात. काडी लावणाऱ्यासाठी असलेला उपाय उतार दाखवणाऱ्यावर करायचा, हा कुठला न्याय?

लपवण्याचा सल्ला मला तोडण्याच्या सल्ल्यापेक्षाही घातक वाटतो. त्यातला खरा भाग आधी मान्य करतो. मूल होत नाही म्हणून जाऊ दवाखान्याच्या पायऱ्या झिजवत असताना सोनोग्राफीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नये. याला मी लपवणं म्हणत नाही, ही समोरच्याच्या दुःखाची जाण आहे. पण दृष्टीची भीती ही वेगळीच गोष्ट आहे. तिच्यात समोरच्याच्या दुःखाची काळजी नसते, त्याच्या डोळ्यांचीच धास्ती असते. त्याच धास्तीपोटी मूल नसलेल्या काकूला बारशाच्या दिवशी पाळण्यापाशी येऊ देत नाहीत, विधवा आत्याला ओटी भरायला बोलावत नाहीत. मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकणं निरुपद्रवी आहे असं आपण म्हणतो. टाकताना मनात कुणाचं नाव असतं, हेही विचारायला हवं.

ते नाव पुढं कुठवर जातं, याचा इतिहास महाराष्ट्राला चांगलाच ठाऊक आहे. म्हैस आटली, पोर तापानं फणफणलं, धंदा बसला की ‘कुणीतरी केलंय’ म्हणायचं आणि भगतानं बोट दाखवायचं. ते बोट बहुतेक वेळा शेजारच्या चुलत्याकडे, एकट्या राहणाऱ्या चुलतीकडे, नाहीतर वाटणीवरून बोलणं बंद झालेल्या भावजयीकडे वळतं. कारण सोपं आहे. आपलं चांगलं कुणाला बघवत नाही याची यादी घरात आधीच तयार असते, भगत फक्त ती वाचून दाखवतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, त्याचा अध्यादेश २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाल्यावर निघाला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. अमुक माणूस करणी करतो, मंत्रानं जनावराचं दूध आटवतो असं सांगून त्याचं जगणं अवघड करणं, हा त्या कायद्यानं गुन्हा ठरवला. माझ्या वाचण्यात या कायद्याची चर्चा नेहमी बुवाबाजीच्या अंगानं येते. पण करणीचा संशय हा मुळात मत्सराचाच संशय आहे. दुसऱ्याच्या मत्सरानं आजवर किती जणांची म्हैस आटली ते मला माहीत नाही. मत्सराच्या संशयानं माणसं मारहाण करून गावाबाहेर काढली गेली, हे मात्र आपल्याला माहीत आहे. मग जास्त भिण्यासारखं काय आहे?

‘जळते’ या शब्दाचा आणखी एक वापर आहे. माझ्या मते तो सगळ्यात लाजिरवाणा आहे, कारण तो सुशिक्षित घरांतही सर्रास होतो. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावं लागतात आणि मग बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला तालुक्याला नेलं जातं. जीपमध्ये बसवून, वाटेत चहा-भजी खायला घालून. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ सालीच दिला होता, मात्र त्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो देशभर दिला आणि ती अट गेली. वडील कधी वारले यावर तो हक्क अवलंबून नाही, हे ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. तरी एखादी बहीण सही करायला थांबली, ‘दादा, मला थोडा विचार करू दे’ एवढंच म्हणाली, तर गावात पहिलं वाक्य कुठलं उठतं? भावाचं चांगलं बघवत नाही तिला. नवऱ्यानं भरवलंय. जळते ती. कायद्यानं तिचं असलेलं मागणं एका शब्दात मत्सर होऊन जातं आणि तिला रक्षाबंधनाला कुणी बोलावेनासं होतं. मागणाऱ्याला मत्सरी ठरवलं की मागणीचं उत्तर द्यावं लागत नाही. ही या शब्दाची खरी सोय आहे, आणि म्हणून तो उच्चारण्याआधी माणसानं शंभरदा विचार करावा.

कुणी म्हणेल, हिशेब मांडून भाऊबंदकी मिटत असती तर इतिहास वेगळा झाला असता. अवश्य इतिहास बघू. शहाजीराजे १६६४ साली गेले आणि दक्षिणेतली त्यांची जहागीर व्यंकोजीराजांकडे राहिली. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत शिवाजी महाराजांनी सावत्र भावाला भेटीला बोलावलं आणि वडिलांच्या ठेव्यातला अर्धा वाटा तोंडावर मागितला. बोलणी फिसकटली. व्यंकोजी एका रात्री निघून गेले, पुढं दोन्ही फौजांत लढाईही झाली. म्हणजे उघड मागितल्यानं सगळं गोडीगुलाबीत झालं असं मुळीच नाही. पण भांडण कशाचं आहे हे दोन्ही बाजूंना स्वच्छ ठाऊक होतं, म्हणून ते तहापर्यंत येऊ शकलं. तंजावर व्यंकोजींकडे राहिलं, आणि बंगळूरकडचा मुलूख त्यांच्या पत्नी दीपाबाईंना चोळी-बांगडीसाठी म्हणून दिला गेला. हिशेबात माहेर-सासरचा मान ठेवायची ही रीत मला फार मोलाची वाटते. पुढं व्यंकोजी उदास होऊन कारभारातून मन काढून बसले हे कळल्यावर महाराजांनीच त्यांना धीर देणारं, कामाला लागा असं सांगणारं पत्र लिहिलं. जिंकलेल्या भावानं हरलेल्या भावाला लिहिलेलं हे पत्र आपण शाळेत शिकवत नाही. तंजावरचं भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत टिकलं.

दुसरं उदाहरण माझ्या विरोधात जातं, म्हणून तेही सांगतो. राघोबादादा १७५८ ला लाहोरपर्यंत जाऊन आलेले. तीनच वर्षांत सोळा वर्षांचा पुतण्या माधवराव पेशवा झाला आणि काका कारभारी. काकांना वाटणी हवी होती आणि माधवरावांना ती देणं शक्य नव्हतं, कारण दौलत म्हणजे काही बांध घालून वाटायचं शेत नव्हे. आळेगाव झालं, धोडप झालं, म्हणजे काका-पुतण्यांच्या फौजा दोनदा एकमेकांवर गेल्या, काका शनिवारवाड्यात नजरकैदेत आले आणि ३० ऑगस्ट १७७३ ला, गणपतीच्या दिवसांत, त्याच वाड्यात माधवरावांनंतर पेशवा झालेल्या धाकट्या पुतण्याचा, नारायणरावाचा, खून झाला. इथं मागणी उघड होती आणि तरी अनर्थ टळला नाही. मान्य. काही मागण्या पुऱ्या करता येत नाहीत, आणि सत्तेची भूक हिशेबानं भागत नाही. पण आपण या घटनेची आठवण कशी ठेवली ते बघा. सगळ्यांच्या तोंडी काय? आनंदीबाईनं ‘ध’ चा ‘मा’ केला. या कथेला समकालीन कागदांचा भक्कम आधार नाही, पण ती आपल्याला पुरते, कारण तिच्यात एक जळणारी बाई मिळाली की बारा वर्षांचं राजकारण समजून घ्यायची गरज उरत नाही. घरातल्या भांडणातही आपण हेच करतो. वाटणीचा गुंता सोडवायचा नसला की कुठली तरी ‘ती’ शोधतो.

महाभारतातली एक बारीक गोष्ट मला या संदर्भात नेहमी अस्वस्थ करते. राजसूय यज्ञाला देशोदेशीचे राजे नजराणे घेऊन आले, तेव्हा ते स्वीकारायचं काम पांडवांनी दुर्योधनाला दिलं. घरचा माणूस म्हणून, विश्वासानं. पुढं दुर्योधन बापाला सांगतो की ती संपत्ती घेता घेता माझे हात थकले. त्यानं नंतर जे केलं त्याला क्षमा नाही, द्यूतसभा हे पापच. पण भावाच्या वैभवाची मोजदाद भावालाच करायला बसवताना एकालाही वाटलं नाही का, की याचं काय होत असेल? आपली वास्तुशांत, आपला साखरपुडा, आपल्या पोराचा परदेशी निघायचा कार्यक्रम यांत आपण घरातल्या मागं राहिलेल्या माणसाला कुठलं काम देतो ते आठवून बघा. तो बहुतेक वेळा आहेराची वही धरून बसलेला असतो.

वडीलधाऱ्यांच्या षड्रिपूंकडे येतो. संतांनी मत्सराला शत्रू म्हटलं हे खरंच आहे, आणि ज्याच्या मनात तो आहे त्यानं त्याच्याशी लढावं हेही खरं. मत्सर करणाऱ्याचं स्वतःचं आयुष्य त्यात किती जळतं हे मी जवळून पाहिलंय. पण संतांचा रिपू ज्याच्या त्याच्या आत होता. आपण त्याला दुसऱ्याच्या घरात शोधायला लागलो. मत्सर सोडायचा उपदेश मी नेहमी वरून खाली जाताना ऐकला आहे. फ्लॅटवाला गावाकडच्याला सांगतो, साहेब शिपायाला सांगतो, सासूची लाडकी सून दुसरीला सांगते. खालच्या माणसानं वरच्याला ‘बाबा, तुझा मद थोडा आवर’ म्हटल्याचं कुणाला आठवतं का? यादीत मद मत्सराच्या शेजारीच आहे, त्याच्या आधी.

सगळ्यात प्रामाणिक आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो माझ्याच पिढीचा आहे. आम्ही मेहनत केली, रात्री जागवल्या, मग आयुष्यभर कुणाचे देणेकरी म्हणून का वावरायचं? एकदा ‘तुमच्यामुळे झालं’ म्हटलं की मागण्यांना अंत राहत नाही. पुतण्याला कंपनीत चिकटव, मेव्हण्याला जामीन राहा, लग्नाला पाच लाख दे. ही भीती खोटी नाही, उपकाराच्या नावानं पिळून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. पण नीट बघितलं तर अंत नसतो तो न बोललेल्या ऋणाला. ते आकड्यात कधी आलेलंच नसतं, म्हणून प्रत्येक दिवाळीला वाढत जातं. देणाऱ्याला वाटतं सगळंच माझ्यामुळे, घेणाऱ्याला वाटतं काहीच नाही. आकडा लिहिला की दोघांचंही वाटणं जमिनीवर येतं.

हे मी काकांच्या साठीला बघितलं, २०१५ मध्ये. गावात मांडव घातला होता. वडिलांनी खिशातून वहीचा कागद काढला. त्यांना भाषण येत नाही, म्हणून त्यांनी नुसतं वाचलं. १९७२, दादाची शाळा. १९७९, बैलजोडी विकली, माझ्या पहिल्या वर्षाची फी. त्या पुढची तीन वर्षं सोसायटीचं कर्ज दादाच्या नावावर, फेड १९८६ पर्यंत, त्यात माझा एक रुपया नाही. १९९४, माझी वास्तुशांत, मी सगळ्यांची नावं घेतली, दादाचं घेतलं नाही. एवढं वाचून ते खाली बसले. मांडव गप्प. काकांनी टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, “त्यातला एक बैल म्हाताराच होता.” आणि वाढप्यांना हाक मारली. रडारड झाली नाही, गळाभेट झाली नाही. त्या दिवसानंतर काकांनी काही मागितलंही नाही. फक्त पूर्वी आमच्याकडे आले की दुसऱ्या दिवशीच्या पहाटेच्या गाडीनं जायचे, ते चार-चार दिवस राहायला लागले.

मैत्रीत बैलजोडी नसते. तिथं हिशेब असतो तो नशिबाचा, आणि तो मांडणं जास्त अवघड, कारण नशीब मान्य करायला यशस्वी माणूस फार नाखूश असतो. सदाशिव पेठेतल्या एका खोलीत मी आणि माझा मित्र राज्यसेवेचा अभ्यास करायचो. एकच डबा दोघांत, अभ्यासिकेत शेजारी-शेजारी खुर्च्या, नोट्स त्याच्या आणि अक्षर माझं. लाखो अर्ज आणि शेकड्यांत जागा अशी ती परीक्षा. माझी निवड झाली, तो थोडक्यात राहिला. गावात माझ्यावर गुलाल पडला. मी त्याला फोन करून काय सांगितलं? “अजून थोडा जोर लाव, तुझंही होईल.” त्यानं पुढचे आठ महिने माझा फोन उचलला नाही आणि मी चारचौघांत म्हणत राहिलो की बघा, मित्र म्हणवणाऱ्यांचं असं असतं.

थोडा जोर लाव! जणू मी जास्त लावला होता. खरं असं होतं की माझ्या मुलाखतीत तासगावच्या बेदाण्यावर प्रश्न आले. मणी कशात बुडवून वाळवतात, शेडमध्ये किती दिवस लागतात, अवकाळी पावसानं काय होतं. हे मला कुठल्याही पुस्तकानं शिकवलेलं नव्हतं. मोठ्यांच्यात बोलणं नसतानाही आम्हा पोरांना दर सुट्टीत आजीकडे पाठवत, आणि मी काकांच्या मागं मागं शेडमध्ये फिरायचो. माझ्या मित्राला विचारलेला विषय त्यानं आयुष्यात पाहिलेला नव्हता. आठ महिन्यांनी मी त्याच्या गावी गेलो आणि हे असंच्या असं सांगितलं. तो बराच वेळ म्हशीपुढं वैरण टाकत राहिला. मग म्हणाला, “हे तू तेव्हा म्हणाला असतास तर मी पेढा खाल्ला असता.” पतंजलीच्या योगसूत्रांत सुखी माणसाशी कुठल्या भावनेनं वागावं याचं उत्तर एका शब्दात दिलंय, मैत्री. दुःखी माणसासाठी करुणा आणि सुखी माणसासाठी मैत्री. सुखी माणसाशी मैत्री ठेवणं हे मुद्दाम साधायचं काम आहे, हे त्या काळातही ठाऊक होतं. पण ते काम एकट्या दुःखी माणसानं करायचं असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही.

माझा मित्र त्या परीक्षेत कधीच पास झाला नाही. आज तो दुधाचा धंदा करतो आणि माझ्याविषयी त्याच्या मनात अजूनही कधी कधी काही येत असणार. येऊ दे. तो मला ते सांगतो. “आज तुझी गाडी बघून बरं नाही वाटलं,” असं तो मागच्या पावसाळ्यात स्पष्ट म्हणाला आणि नंतर आम्ही चहा प्यायलो. इतकं मोकळं बोलणं माझ्याशी दुसरं कुणी करत नाही.

२०१९ मध्ये वडिलांनी पुण्याच्या फ्लॅटचं बाथरूम फोडून नव्यानं करायला काढलं. गवंडी येण्याच्या आदल्या रात्री त्यांनी काकांना फोन केला. काका सकाळी हजर, या वेळी द्राक्षांचे दिवस नव्हते म्हणून पिशवीत शेंगा. बादली पालथी घालून दारात बसले. पाण्याची नळी धरून गवंड्याकडून दोनदा लेव्हल काढून घेतली, पहिल्यांदा बसवलेल्या दोन टाइल उचलायला लावल्या. गवंडी वैतागला. वडील त्याला म्हणाले, दादा सांगतील तसंच करा. संध्याकाळी काकांनी मगभर पाणी ओतलं आणि आम्ही सगळे दारात उभे राहून ते जाळीकडे जाताना बघत होतो.